गुलबर्ग्याच्या किल्ल्यातली अंगण नसलेली मशीद

मंडळी, आमच्या गुलबर्ग्याला (२०१४ पासून कागदोपत्री कलबुर्गी, पण आमच्या तोंडी अजून गुलबर्गाच) महाराष्ट्रातले पाहुणे येतात ते बहुधा गाणगापूरला जाता-येता. दत्ताचं दर्शन झालं, संगमावर स्नान झालं, मग संध्याकाळच्या गाडीपर्यंत वेळ उरतो. तेव्हा प्रश्न येतो, "इथं बघण्यासारखं काय आहे हो?" आम्ही बंदेनवाजांचा दर्गा सांगतो, शरणबसवेश्वराचं मंदिर सांगतो आणि किल्ला सांगतो. किल्ल्यात एक मोठी जुनी मशीद आहे म्हटलं की दहातले आठजण ती यादीतून वगळतात. उरलेले दोघे जातात. त्यांना तिथं भेटणारा कुणीतरी हमखास एक वाक्य ऐकवतो : "ही स्पेनमधल्या कॉर्दोबाच्या मशिदीची नक्कल आहे."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. शाळेच्या सहलीत ऐकलं, पर्यटनाच्या माहितीपत्रकात वाचलं. आज त्याच वाक्याबद्दल थोडं सविस्तर लिहायचं आहे. कारण या इमारतीत परदेश आहे हे खरं, पण तो कुठला, किती आणि इथं येऊन त्याचं काय झालं, ही गोष्ट "नक्कल" या शब्दात मावत नाही. आणि या गोष्टीत आपण मराठी माणसंही आहोत.

आधी राज्याची हकिगत. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास देवगिरीला दौलताबाद केलं आणि दिल्लीची पुष्कळ माणसं तिथं आणून बसवली. पुढे त्याच्याविरुद्ध दख्खनच्या अमीर-सरदारांनी बंड केलं आणि १३४७ साली अलाउद्दीन हसन बहमनशाह दौलताबादेत तख्तावर बसला. म्हणजे बहामनी राज्याचा जन्म आपल्या मराठी मुलखातला, औरंगाबादजवळचा. राजधानी मात्र त्याने लवकरच गुलबर्ग्याला हलवली आणि गावाला अहसनाबाद असं नाव दिलं.

बहमनशाहाचा मुलगा पहिला मुहम्मदशाह. कारकीर्द १३५८ ते १३७५. एकीकडे विजयनगर, दुसरीकडे वरंगळ, दोघांशीही त्याच्या लढाया चालू. त्याच वेळी त्याने राज्याची घडी बसवली आणि मुलखाचे चार भाग पाडले : दौलताबाद, वऱ्हाड, बिदर आणि गुलबर्गा. या भागाला नाव होतं 'तरफ' आणि त्यावरचा अधिकारी 'तरफदार'. चारपैकी दोन तरफा सरळसरळ मराठी बोलणाऱ्यांच्या. हा शब्द आपल्याकडे इतका मुरला की जुन्नर भागात, कोकणात गावांच्या नावात आजही 'अमुक तर्फे तमुक' असं लिहितात, आणि आपण निमंत्रणपत्रिकेवर 'मंडळातर्फे' लिहितो तेव्हा तो कुठून आला हे आपल्याला आठवतही नाही.

या मुहम्मदशाहाच्या काळातली ही मशीद. शिलालेखातलं साल १३६७. शैलीवरून ती पंधराव्या शतकाच्या आरंभीची असावी असंही काही अभ्यासक मांडतात, पण शिलालेखावरून चालत आलेलं साल हेच.

राजाने मशीद बांधली की ती फक्त नमाजाची जागा नसते, हे लक्षात घ्यावं लागतं. जामा मशिदीत शुक्रवारी खुतबा पढला जातो आणि त्या काळी खुतब्यात ज्याचं नाव घ्यायचं तो राजा. नाणं आणि खुतबा या राजेपणाच्या दोन खुणा. दिल्लीशी भांडून निघालेल्या, अवघ्या वीस वर्षांच्या राज्याला "आम्ही आता कुणाचे सुभेदार नाही" हे सगळ्यांना दिसेल अशा रीतीने सांगायचं होतं. त्यासाठी किल्ल्याच्या आत, दरबाराच्या जवळ, एवढी मोठी जागा धरली.

आता मशिदीकडे येऊ. बाहेरून पाहिलंत तर पहिल्यांदा वाटतं, हे काहीतरी अपुरं आहे. मिनार नाहीत. नक्षी जवळजवळ नाही. चुन्याचा गिलावा, कमानी आणि छतावर घुमटच घुमट. पूर्व-पश्चिम लांबी २१६ फूट, दक्षिणोत्तर रुंदी १७६ फूट, म्हणजे साधारण ३८ हजार चौरस फूट. आणि हे सगळंच्या सगळं छताखाली. आपण पाहिलेल्या मोठ्या मशिदींत मध्ये मोकळं अंगण असतं, त्यात हौद असतो, तीन बाजूंना ओवऱ्या आणि पश्चिमेला नमाजाचं दालन. दिल्लीची घ्या, विजापूरची घ्या. इथं अंगणच नाही. जिथं अंगण असायला हवं तिथं खांबांच्या रांगा आहेत आणि त्यांच्यावर साठाहून जास्त लहान घुमट. चार कोपऱ्यांवर चार मध्यम घुमट, आणि पश्चिमेला मिहराबीसमोर एक मोठा घुमट, चौकोनी उंच बैठकीवर चढवलेला.

उजेडाचं काय? अंगण नाही म्हटल्यावर आत अंधार व्हायला हवा. तो होत नाही, कारण उजेड बाहेरच्या बाजूंनी घेतलाय. उत्तर, पूर्व आणि दक्षिण या तिन्ही बाजूंच्या पडव्यांना फार रुंद कमानी आहेत. कमान ज्या खांबावरून उगवते तो खांब मात्र आखूड. त्यामुळे कमान जमिनीलगत सुरू होते आणि ऐसपैस पसरते. त्यातून आलेला उजेड पडवीत मंदावतो आणि आतल्या चौकोनी खांबांमधून झिरपत पुढे जातो. एकोणिसाव्या शतकात भारतीय वास्तूंचा इतिहास लिहिणाऱ्या जेम्स फर्ग्युसनने याच गोष्टीकडे लक्ष वेधलं होतं : इतर ठिकाणी मशीद अंगणाकडून उजेड घेते, ही बाहेरून घेते.

मे महिन्यात आमच्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो. त्या दिवसांत दुपारी तिथं पाऊल टाकलं की ही रचना डोक्याने समजून घ्यायची गरज राहत नाही, अंगालाच कळते. बाहेर फरशी पोळत असते आणि आत एकामागून एक कमानींची सावली.

मग ही रचना सुचली कुणाला? शिलालेखात बांधणाऱ्याचं नाव दिलेलं आहे : रफी, शम्सचा मुलगा, मन्सूरचा नातू, राहणारा कझवीनचा. त्या काळी आपल्याकडे इमारत बांधणाऱ्याचं नाव दगडावर येणं ही रोजची गोष्ट नव्हती. राजाचं नाव यायचं, दान देणाऱ्याचं यायचं. इथं बांधणाऱ्याच्या तीन पिढ्या आणि गाव आलंय. कझवीन हे उत्तर इराणातलं, तेहरानच्या वायव्येचं शहर.

कझवीनचा माणूस गुलबर्ग्यात काय करत होता? इराणात मंगोल इलखानांची सत्ता १३३५ नंतर मोडली. मुलूख तुकड्या-तुकड्यांत वाटला गेला. कारागीर, लेखक, विद्वान, घोड्यांचे व्यापारी अशांना नवा आश्रय हवा होता. आणि इकडे एक नवं राज्य, पैसा असलेलं, फारसी बोलणारं, माणसांच्या शोधात. समुद्र मधे होता, पण तो वाटच होता. कोकणातली चौल आणि दाभोळ ही बंदरं त्या वाटेवरचे दरवाजे. फिरिश्ता हा इतिहासकार (तोही इराणातल्या अस्तराबादचा, पुढे विजापूरच्या दरबारात राहून लिहिणारा) सांगतो की फिरोजशाह बहामनी विद्वान माणसं आणण्यासाठी दरवर्षी गोवा आणि चौलहून जहाजं पाठवायचा. शिराजच्या हाफिज कवीलाही बहामनी दरबाराचं बोलावणं गेलं होतं. तो निघाला, होर्मुझपर्यंत आला, जहाजात पाऊल ठेवलं, वादळ पाहिलं आणि परत फिरला, अशी फिरिश्त्याचीच कथा. हाफिज आला नाही. पण न डगमगता जहाजात बसलेले, नावाविना राहिलेले कितीतरी आले असणार, आणि त्यांतल्या एकाचं नाव आमच्या मशिदीवर आहे.

बहामनी घराण्याच्या नावातही हीच ओढ दिसते. आपल्या आजी-आजोबांनी सांगितलेली गोष्ट तुम्हालाही माहीत असेल : हसन हा गंगू नावाच्या ब्राह्मणाच्या पदरी होता, त्याच्या उपकाराची आठवण म्हणून राज्याचं नाव 'बामणी'. गोष्ट फिरिश्त्याची आणि गोड आहे, पण इतिहासकार ती मानत नाहीत. घराणं आपला संबंध जोडत होतं तो इराणच्या पुराणकथेतल्या बहमन राजाशी, इस्फंदियारच्या मुलाशी. स्वतःचं मूळ इराणात सांगणाऱ्या दरबाराला इराणी बांधणाऱ्याचं नाव दगडावर मिरवावंसं वाटलं, यात नवल नाही.

आता कॉर्दोबा. ती मशीद अब्दुर्रहमान पहिला याने ७८५ च्या सुमारास सुरू केली, पुढे दोनशे वर्षं ती वाढत गेली आणि १२३६ साली ख्रिस्ती राजाने शहर घेतल्यावर तिचं चर्च झालं. आत खांबांचं रान आहे, हे साम्य खरं. आत उभं राहिल्यावर चहूकडे फक्त खांब आणि कमानी दिसतात, ही भावना दोन्हीकडे सारखी. पण पुढे बघा. कॉर्दोबाच्या कमानी घोड्याच्या नालासारख्या, एकीवर एक अशा दोन मजली, लाल विटा आणि पांढरा दगड आलटून पालटून लावलेल्या. आमच्या टोकदार, एकेरी आणि साध्या पांढऱ्या. तिथले खांब बारीक आणि गोल, इथले चौकोनी आणि जाड. तिथलं छत मुख्यतः लाकडी, इथं घुमट. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कॉर्दोबाला अंगण आहे, संत्र्याच्या झाडांचं, प्रसिद्ध. ज्या गोष्टीसाठी गुलबर्ग्याची मशीद वेगळी ठरते तीच तिथं नाही. दोन चेहऱ्यांत नाक सारखं दिसलं म्हणून त्यांना भाऊ म्हणता येत नाही.

मग खरे नातेवाईक कोण? मिहराबीसमोर मोठा घुमट उभारायची रीत इराणी. कझवीनच्याच जामा मशिदीत बाराव्या शतकाच्या आरंभीचा सेल्जुक काळातला असा घुमट आहे. रफी लहानपणापासून तो पाहत आला असेल असं मानायला हरकत नाही. पण इराणातल्या मशिदीला अंगण असतंच, ते त्याने सोडलं. जाड भिंती, चुन्याचा सपाट गिलावा, नक्षीचा कंटाळा ही दिल्लीच्या तुघलक बांधणीची वळणं, दौलताबादेला आलेल्या लोकांबरोबर आलेली. दिल्लीतली खिडकी मशीद साधारण त्याच शतकातली. तिचाही बहुतेक भाग लहान लहान घुमटांच्या छताखाली आहे, फक्त उजेडासाठी मधे चार लहान चौक ठेवलेत. आणि तिकडे दूर, आजच्या तुर्कस्तानातल्या बुर्सा शहरात, १३९६ ते १४०० च्या दरम्यान वीस घुमटांची उलू जामी उभी राहिली. एकमेकांना न पाहिलेली माणसं एकाच काळात एकाच प्रश्नाला हात घालत होती : सगळ्या जमावाला एका छताखाली कसं घ्यायचं?

यात आपला मुलूख कुठं? रफीने आराखडा दिला असेल, पण दगड इथला, चुना इथला, आणि दगड फोडणारे, चुना मळणारे, कमानीखाली लाकडी आधार लावणारे हातही इथलेच असणार. एवढं काम होईल इतके गवंडी जहाजातून येत नसतात. आणि या हातांसाठी ही विद्या नवी होती. यादवकाळातली आपली हेमाडपंती देवळं आठवा : दगडावर दगड, चुन्याशिवाय, खांबांवर आडवी तुळई. कमानीत भार उतरतो तो वेगळ्या पद्धतीने. दौलताबादची जामा मशीद १३१८ ची. तिथं देवळांचे खांब काढून वापरलेत, हे उघड दिसतं आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही. ती जिंकणाऱ्याची इमारत आहे, घाईत उभी केलेली. पन्नास वर्षांनी गुलबर्ग्यात तसं नाही. इथं प्रत्येक खांब, प्रत्येक कमान या इमारतीसाठीच मुद्दाम घडवलेली आहे. राज्य आता इथं राहायला आलं होतं, याचा हा पुरावा मला कुठल्याही तहनाम्यापेक्षा बोलका वाटतो.

पुढे पंधराव्या शतकात हे मिश्रण उलटही वाहिलं. गावाच्या पूर्वेला हफ्त गुंबद म्हणून बहामनी सुलतानांच्या कबरी आहेत. त्यांत फिरोजशाहाची कबर पाहा. छज्जाखाली दगडी तोड्या आहेत, त्या थेट देवळाच्या वळणाच्या. इराणी बांधणाऱ्याकडून कमान शिकलेल्या मुलखाने सुलतानाच्या कबरीला आपल्या देवळाची तोडी दिली.

अंगण नसलेली मशीद मात्र पुन्हा झाली नाही. निदान एवढी मोठी जामा मशीद दख्खनमध्ये कुणी अशी बांधली नाही. १४२० च्या दशकात अहमदशाहाने राजधानी बिदरला नेली. पुढच्या राजांना अंगण, हौद, मिनार असलेली ओळखीची मशीदच बरी वाटली. विजापूरला अली आदिलशाहाने सोळाव्या शतकात सुरू केलेली जामा मशीद अंगणाचीच.

आणि बिदरला एक वाईट गोष्टही घडली. बाहेरून आलेले 'आफाकी' आणि आधीपासून राहिलेले 'दख्खनी' असे दोन तट पडले. दोघेही दरबारी, पुष्कळदा दोघांचेही पूर्वज बाहेरूनच आलेले. फरक फक्त कोण आधी आलं एवढाच. या भांडणात रक्त सांडलं. इराणच्या गिलानहून आलेला महमूद गावान, ज्याने बिदरला १४७२ मध्ये रंगीत फरश्यांनी मढवलेला मदरसा बांधला आणि राज्याचा कारभार सुधारला, त्याला खोट्या पत्राच्या आधारे १४८१ साली ठार मारलं. त्यानंतर राज्य फार टिकलं नाही, त्याचे पाच तुकडे झाले. रफीचं गाव दगडावर कोरून मिरवणारा दरबार शंभर-सव्वाशे वर्षांत माणसाचं गाव विचारून त्याचा गळा कापणारा झाला.

हे मी लिहितोय त्याचं कारण सांगतो. "तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न आम्हाला दोन्हीकडून येतो. आमचे पणजोबा तुळजापूरकडून इथं कचेरीत नोकरीला आले. तेव्हा ते परक्या राज्यात आले नव्हते. निजामाच्या अमलात उस्मानाबाद जिल्हा गुलबर्गा सुभ्यातच होता. १९५६ साली राज्यं भाषेप्रमाणे मांडली गेली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, गुलबर्गा म्हैसूर राज्यात. आम्ही जागचे हललो नाही, रेषा हलली. तेव्हापासून इथं आम्ही 'महाराष्ट्रातले' आणि सोलापूर-पुण्याला गेलो की 'कर्नाटकातले'. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि आजोबांची पिढी शाळेत उर्दू शिकलेली. आमच्या बोलण्यात तिन्ही आहेत, आणि पुण्याच्या नातेवाइकांना ते थोडं हसू येण्यासारखं वाटतं.

पण शब्दांकडेच बघा ना. कमान म्हणजे फारसीत धनुष्य. घुमट म्हणजे त्यांचा गुंबद. दालन, दिवाणखाना, बुरूज, दरवाजा, तावदान. आपल्या वाड्याचं वर्णन करायला बसलो तर निम्मे शब्द त्या वाटेने आलेले निघतील. त्यांना आज कुणी 'मूळचे कुठले' विचारत नाही. इतकी वर्षं राहिले, भार उचलला, आपले झाले.

म्हणून "कॉर्दोबाची नक्कल" हे वाक्य मला खुपतं. वरवर ते कौतुक आहे, पण त्यात मनातली समजूत अशी की एवढं चांगलं काही इथलं असूच शकत नाही, ते कुठून तरी उचललेलंच असणार. दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात, हे परकं, आपलं याच्याशी काही देणंघेणं नाही. दोघेही इमारत न बघताच बोलतात. कझवीनचा बांधणारा, दिल्लीचा गिलावा, दख्खनचा दगड आणि इथलं ऊन, या चार गोष्टींनी मिळून जे झालं ते कझवीनमध्येही नाही, दिल्लीतही नाही आणि कॉर्दोबातही नाही. ते गुलबर्ग्यात आहे. त्याला गुलबर्ग्याचंच म्हणायला हवं.

तेव्हा पुढच्या वेळी गाणगापूरला याल तेव्हा दोन तास जास्त काढून या. किल्ल्यात शिरलात की बालाहिसारची बंद भिंतींची जाडजूड इमारत दिसेल, ती आणि मोठी तोफ पाहून मशिदीकडे वळा. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, जपून ठेवली आहे. दक्षिणेकडच्या पडवीत एका आखूड खांबाशी उभं राहा आणि कमान कुठून सुरू होते ते बघा. मग आत जाऊन मोठ्या घुमटाखाली वर बघा. आणि घरच्या लहान मुलांना विचारा, इथं अंगण का नसेल? त्यांची उत्तरं मोठ्यांपेक्षा चांगली असतात, हा माझा अनुभव आहे.

बिदर, विजापूर, नांदेड, हैदराबाद इकडच्या मंडळींनी आपल्या गावातल्या अशा एखाद्या इमारतीबद्दल जरूर लिहावं. घरी म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेलं असेल ते आधी लिहून ठेवा. आमच्याकडचं पुष्कळसं लिहायचं राहूनच गेलं.